देठ

जुन्या स्टँडमागच्या शेडवर मी पहिला बोर्ड रंगवला:
‘इथे काहीही दुरुस्त होईल.’
"काहीही?" मी विचारलं.
"माणूस सोडून," म्हणाले तवनाप्पा चौगुले,
आणि रंगाचे पैसे आगाऊ दिले.

शाळा चौथी, तीही दोन हप्त्यांत.
मग बेळगावात, उद्यमबागेत, फौंड्रीची काळी वाळू,
पुढं लेथ. डाव्या करंगळीचं एक पेर
बिडाच्या किसात तिथंच राहिलं.
संकेश्वरला परतले ते साडेनऊ बोटं घेऊन
आणि डोक्यात एकच गोष्ट:
आई.

ती मिरचीच्या वखारीत देठ मोडायची.
दिवसभर. पोत्यामागून पोतं.
रात्री ताकाच्या भगुल्यात हात बुडवून बसायची,
आणि पोर रडलं
तर त्याचे डोळे पुसायला यायची
कोपरानं.

त्या कोपरापायी अकरा वर्षं.
साखर कारखान्याच्या भंगारातली साखळी,
जीपच्या टायरचं रबर, शिलाई मशीनचं चाक.
पहिलं यंत्र मिरच्याच चावायचं.
दुसरं देठ जपायचं, मिरची फेकायचं.
तिसऱ्याबद्दल ते बोलत नसत.
चौथं सुरू झालं आणि अख्खी गल्ली खोकली,
मशिदीतले बांगी, बस्तीतले उपाध्ये
एकाच वेळी तोंडावर पंचा धरून बाहेर.
"चाललं वाटतं," म्हणाले. डोळे गळत होते
त्यांचे, आणि सगळ्यांचेच.

व्यापारी आले नोटा मोजत.
त्यांच्या मागून, अंधार पडल्यावर, बायका.
कल्लव्वानं दोन्ही हात पुढं धरले.
"जळतात ते आमचे, आण्णा. जळू देत की.
हात थंड झाल्यावर चूल कुणाची पेटणार?"
ते काही बोलले नाहीत.
एकोणीस दिवस शेडला कुलूप.

विसाव्या दिवशी पाचही यंत्रं
बायकांच्या नावावर.
व्यापाऱ्यांना म्हणाले, "पोत्यामागं काय ते यांच्याशी ठरवा."
शेड गहाण पडलं त्या साली.
हुबळीत कुणीतरी नक्कल मारून शंभरांनी विकली;
हे लाल बसनं जाऊन बघून आले, म्हणाले,
"बेअरिंग आपल्यापेक्षा भारी घातलंय की रे."
पण तिकडच्या बायकांचं काय झालं,
हे मी विचारलं तेव्हा
बराच वेळ पान्हा पुसत राहिले.

पुढं पंपाच्या एका झडपेनं पैसा दिला.
तो शाळेच्या बोअरला गेला, दवाखान्याच्या बाकांना,
हिरण्यकेशीच्या काठी जाळायच्या जागेवरच्या पत्र्यांना.
"दात्याचं नाव?" मी ब्रश बुडवून उभा.
"काय लिहूलास, मुजावर? देठ आहे ते.
माल द्यायचा तर देठ काढून द्यावा."

वाचनालयाला मात्र पाटी हवीच होती.
वर कन्नड की मराठी, यावरून पोरं हमरीतुमरीवर.
यांनी जत्रेतल्या पाळण्यासारखं चाक केलं,
दोन टोकांना दोन पाट्या, मागं पत्र्याचे पंख.
वारा आला की वरची खाली, खालची वर.
फौजदार आला. "यात वर कुठली?"
"किती वाजता?" म्हणाले.

पौषात गेले, मिरचीच्या ऐन हंगामात.
बायका यंत्रं थांबवून आल्या,
लुगड्यांना खाट तेवढा होता.
कल्लव्वाची नात सगळ्यांना शिंकताना बघून
उगीच रडायला लागली,
आणि म्हातारीनं तिचं तोंड पुसलं,
अख्ख्या तळव्यानं.
मी ते पाहिलं. तिच्या लक्षातही आलं नसेल.

चाकाला तेल आता मी घालतो, अमावास्येच्या अमावास्येला.
वारा पडला की कधी कधी
दोन्ही पाट्या एका पातळीत येऊन थांबतात.
फार वेळ नाही.